लस डुकराला, बचाव माणसाचा

मेंदूच्या एमआरआयमध्ये जेमतेम सेंटिमीटरभराची एक पाणीदार पिशवी दिसते. तिच्या आत, एका कडेला, ठिपका असतो. तो ठिपका म्हणजे अळीचं डोकं. आयुष्यात पहिल्यांदाच फिट आली म्हणून धावतपळत आणलेल्या रुग्णाच्या घरच्यांना डॉक्टर हे चित्र समजावून सांगतात, तेव्हा शाकाहारी घरांतून हमखास प्रश्न येतो : आमच्याकडे कुणी अंडंही खात नाही, मग हे आलं कुठून?

आलेलं असतं माणसाच्या विष्ठेतून. टीनिया सोलियम हा पट्टकृमी माणसाच्या आतड्यात काही मीटर लांब वाढतो. त्याचे तुकडे हजारो अंडी घेऊन शौचावाटे बाहेर पडतात. उघड्यावरची घाण मोकाट डुकरानं खाल्ली की अंड्यांतल्या अळ्या त्याच्या स्नायूंत जाऊन गाठी करून बसतात. ते मांस कुणी अर्धंकच्चं खाल्लं की त्याच्या पोटात पुन्हा पट्टकृमी. पण तीच अंडी सांडपाण्यावर पिकवलेल्या भाजीतून किंवा न धुतलेल्या हातातून माणसाच्या तोंडात गेली, तर डुकराची जागा माणूस घेतो, आणि गाठ मेंदूतही होते. माणसं आणि मोकाट डुकरं शेजारी राहतात अशा अनेक भागांत अपस्माराच्या सुमारे ३० टक्के रुग्णांमागे हा कृमी असतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. टाळता येण्याजोगं हे दुखणं इतकी वर्षं चालू राहावं, याची चीड यायला हवी.

पोटातल्या कृमींवर औषध आहेच : शाळाशाळांतून १० फेब्रुवारीला मुलांना जंताची गोळी चघळायला देतात. ती पोटातले जंत मारते, पण पुढची लागण अडवत नाही. अनवाणी शेतात गेलेल्या मुलाच्या तळपायातून अंकुशकृमी पुन्हा शिरतो. म्हणूनच लशीचा शोध सुरू झाला. तरीही माणसाला टोचता येईल अशी कृमीविरुद्धची एकही लस आजवर बाजारात आलेली नाही.

कृमी हा विषाणूसारखा चिमुकला शत्रू नव्हे, तो अख्खा बहुपेशीय प्राणी आहे. शरीराची प्रतिकारशक्ती शांत ठेवून तो वर्षानुवर्षं आत राहतो. त्यातून काय अडचण उभी राहते, ते ब्राझीलच्या मिनास जेराइस राज्यात दिसलं. अंकुशकृमीच्या अळीतलं एक प्रथिन वापरून अमेरिकी संशोधकांनी लस बनवली होती. ज्यांना कृमीचा कधी संसर्गच झाला नव्हता अशा अमेरिकेतल्या लोकांना ती सोसली. ब्राझीलमधल्या लागण झालेल्या गावातल्या काही प्रौढांच्या अंगावर मात्र टोचल्यावर थोड्याच वेळात गांध्या उठल्या. जुन्या लागणीमुळे त्यांच्या रक्तात त्या प्रथिनाविरुद्ध अ‍ॅलर्जीची प्रतिपिंडं आधीच तयार होती. ज्यांना लस सर्वाधिक हवी, त्यांनाच ती बाधली. चाचणी थांबवावी लागली. मग संशोधकांनी मोर्चा प्रौढ कृमीकडे वळवला आणि प्यायलेलं रक्त पचवण्यासाठी तो आपल्या आतड्यात जी विकरं वापरतो, त्यांच्यावर लशीचं काम सुरू केलं.

प्राण्यांच्या बाबतीत मात्र यश केव्हाच मिळालं आहे. वासरांच्या फुप्फुसात होणाऱ्या कृमीवर ग्लासगोच्या पशुवैद्यकांनी किरणोत्सारानं दुबळ्या केलेल्या अळ्यांची लस तयार केली. ती १९५९ साली बाजारात आली. काश्मीरमध्ये मेंढ्यांसाठी याच तत्त्वावर ‘डिफिल’ ही लस तयार झाली.

टीनिया सोलियमविरुद्ध डुकरांसाठीही लस निघाली. तिच्यामागची कल्पना फार नेमकी आहे. गिळलेलं अंडं आतड्यात फुटतं आणि सहा आकड्यांची सूक्ष्म अळी आतड्याची भिंत भेदून रक्तात उतरते. या सुरुवातीच्या काळात ती अगदी हतबल असते. एकदा तिची गाठ झाली की प्रतिपिंडांचं तिच्यापुढे फारसं चालत नाही. मेलबर्न विद्यापीठातले मार्शल लाइटोलर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकं या अळीचंच एक प्रथिन निवडलं : टीएसओएल-१८. डुकराच्या रक्तात त्याविरुद्धची प्रतिपिंडं आधीपासून असली, तर अळी गाठ धरण्याआधीच मरते.

कॅमेरूनच्या उत्तर टोकाला ही लस गावकऱ्यांच्याच डुकरांवर तपासली गेली. पिल्लांच्या जोड्या केल्या. एकाला लस आणि सोबत ऑक्सफेंडाझोल हे औषध, दुसऱ्याला लस नाही. पिल्लं मालकांकडेच, नेहमीसारखी मोकळी वाढली. पुढे कापून पाहिल्यावर लस न दिलेल्यांपैकी सुमारे पाचातल्या एकाच्या मांसात गाठी होत्या. लस दिलेल्या एकाही डुकरात गाठ सापडली नाही. हा निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाला. पुढे हैदराबादच्या इंडियन इम्युनॉलॉजिकल्सनं ‘सिस्वॅक्स’ या नावानं लस बाजारात आणली. तिच्यातलं प्रथिन यीस्टमध्ये तयार होतं.

मग अडलंय कुठं? पैशापाशी. गाठी झालेलं डुक्कर आजारी दिसत नाही. ते खातं, वाढतं, वजनावर विकलं जातं. आफ्रिकेतल्या आणि लॅटिन अमेरिकेतल्या बाजारांत गिऱ्हाईक डुकराची जीभ ओढून बोटांनी गाठी चाचपून बघतं आणि लागल्या तर भाव पाडतं. असा फटका सोडला तर पाळणाऱ्याला लशीवर खर्च करण्याचं कारणच उरत नाही. फायदा होतो तो शेजारच्या वस्तीतल्या, कधी डुक्कर न पाळलेल्या माणसाच्या मेंदूला. आधीच गरीब असलेल्या वराहपालकानं तो खर्च उचलावा, ही अपेक्षाच चुकीची आहे.

सरकारनं तो उचलायला वाटही आहे. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात लाळ्या-खुरकूताची लस गायी-म्हशी, शेळ्या-मेंढ्यांप्रमाणे डुकरांनाही फुकट देण्याचं उद्दिष्ट ठरलं. त्याच फेरीत सिस्वॅक्सची सुई देता येईल. एवढंच, की ती एकदा टोचून भागत नाही. काही आठवड्यांनी दुसरा डोस हवा, आधीच झालेल्या गाठींसाठी ऑक्सफेंडाझोल हवं, आणि डुकरं लवकर विकली-कापली जात असल्यानं नव्या पिल्लांसाठी वर्षातून अनेकदा त्याच वस्तीत परत जावं लागेल.