विश्लेषण : ‘मी जिंकतो, गूगल करून बघा’ म्हणणाऱ्या प्रशिक्षकाने सतत हरणारा कॉलेज संघ एका मोसमात कसा बदलला?

एमएससाठी अमेरिकेची तयारी केलेल्या कुठल्याही इंजिनिअरला ‘पर्ड्यू’ हे नाव समजावून सांगावं लागत नाही. त्याच इंडियाना राज्यात, ब्लूमिंग्टन शहरात इंडियाना युनिव्हर्सिटी आहे. 1 डिसेंबर 2023 रोजी तिथल्या बास्केटबॉल सामन्यादरम्यान फुटबॉल संघाच्या नव्या मुख्य प्रशिक्षकाची ओळख करून देण्यात आली. नाव कर्ट सिग्नेटी, वय 62. त्यांनी माइक हातात घेतला आणि पर्ड्यूची जाहीर खिल्ली उडवली. टाळ्या पडल्यावर मिशिगन आणि ओहायो स्टेट या दोन बलाढ्य संघांनाही त्याच पंक्तीत बसवलं.

त्याच महिन्यात एका पत्रकाराने विचारलं, खेळाडूंना इथे यायला कसं पटवता? उत्तर आलं, ‘‘सोपं आहे. मी जिंकतो. गूगल करून बघा.’’

हे बोलणं तेव्हा फारसं कुणी मनावर घेतलं नाही. त्याला कारणही होतं.

संघाची अवस्था काय होती?

(इथे फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून, लंबगोल चेंडूने खेळला जाणारा अमेरिकन फुटबॉल.)

इंडियाना हे बास्केटबॉलवेडं राज्य. फुटबॉलमध्ये या विद्यापीठाच्या नावावर 700 हून अधिक पराभव होते. अमेरिकी कॉलेज फुटबॉलच्या सर्वोच्च स्तरावर तेव्हा इतके सामने दुसरं कुणीच हरलं नव्हतं. ‘बिग टेन’ या त्यांच्या गटाचं विजेतेपद शेवटचं मिळालं ते 1967 मध्ये. एका मोसमात 10 विजय तर इतिहासात कधीच नाहीत. 2023 मध्ये 3 विजय, 9 पराभव झाले आणि प्रशिक्षक टॉम अ‍ॅलन यांना काढण्यात आलं. करार शिल्लक असल्यामुळे घरी पाठवतानाही त्यांना 1 कोटी 55 लाख डॉलर द्यावे लागले!

सिग्नेटी कोण?

आपणही गूगल करून बघू. वडील फ्रँक सिग्नेटीही नावाजलेले कॉलेज प्रशिक्षक. कर्ट अलाबामात निक सेबन यांच्या हाताखाली सहाय्यक होते. ती झगमगती नोकरी सोडून 2011 मध्ये ते कमी पगारावर एका लहान विद्यापीठाचे मुख्य प्रशिक्षक झाले. गंमत म्हणजे त्या विद्यापीठाचं नावही इंडियानाच, पण ते पेनसिल्व्हेनियातलं. पुढे इलॉन, मग जेम्स मॅडिसन. या तीन ठिकाणी मिळून 119 विजय, 35 पराभव. पराभव विजयांपेक्षा जास्त, असा मोसम एकही नाही. म्हणजे ती बढाई नव्हती, बायोडेटा होता.

खेळाडू आले कुठून?

खरी मेख इथे आहे. पूर्वी एका विद्यापीठातून दुसऱ्यात गेलेल्या खेळाडूला साधारणपणे वर्षभर बाकावर बसावं लागे. 2021 मध्ये ही अट पहिल्या बदलीसाठी उठली आणि 2024 मध्ये अभ्यासात पास असलेल्यांसाठी पूर्णच गेली. ज्याला जायचंय त्याने ‘ट्रान्सफर पोर्टल’मध्ये नाव नोंदवायचं, बाकीची विद्यापीठं त्याच्याशी संपर्क साधतात. 2021 पासूनच खेळाडूंना जाहिराती, प्रायोजकांकडून पैसे घ्यायलाही मुभा मिळाली. थोडक्यात, विद्यार्थी खेळाडूंचाही बाजार खुला झाला.

त्याआधी नवा प्रशिक्षक शाळांमधून मुलं निवडायचा, ती घडेपर्यंत तीन-चार वर्षं जायची, आणि तोवर ‘जरा वेळ द्या’ हे वाक्य चालायचं. सिग्नेटींनी ते वापरलंच नाही. जेम्स मॅडिसनचे तब्बल 13 खेळाडू त्यांच्यामागोमाग इंडियानात आले. एडन फिशर, डीअँजेलो पाँड्स, एलायजा सॅरॅट ही त्यातली मोठी नावं. निवडीचा निकष एकच : मुलगा पुढे काय करेल यापेक्षा त्याने आजवर मैदानात काय केलंय.

आपल्याकडचं जवळचं उदाहरण हवं तर विदर्भाचं. चंद्रकांत पंडित प्रशिक्षक म्हणून आले आणि पहिल्याच, 2017-18 च्या मोसमात रणजी करंडक नागपूरला आला. संघात वसीम जाफरसारखे बाहेरून आलेले अनुभवी खेळाडूही होते. पण तिथे बाहेरचे दोन-तीन होते. इथे अर्धा संघ नवा होता.

क्वार्टरबॅक, म्हणजे चाली चालवणारा मुख्य खेळाडू, कर्टिस रोर्क हाही बाहेरचाच. मूळचा कॅनडाचा, ओहायो युनिव्हर्सिटीतून आलेला (ओहायो स्टेट वेगळं). मोसम संपल्यावर कळलं की ऑगस्टच्या सरावापासून त्याच्या गुडघ्याचा एसीएल लिगामेंट फाटलेला होता. तो तसाच खेळत राहिला.

मोसमात काय घडलं?

यूसीएलए 42-13. नेब्रास्का 56-7. वॉशिंग्टनविरुद्ध रोर्क अंगठ्याच्या दुखापतीमुळे बाहेर होता, तरी 31-17. पहिल्या आठ सामन्यांत संघ एकदाही पिछाडीवर गेला नाही. नवव्यात मिशिगन स्टेटने 10-0 आघाडी घेतली, तर इंडियानाने पुढचे सगळे 47 गुण एकट्याने केले. मग 9 नोव्हेंबर 2024 रोजी गतविजेत्या मिशिगनवर 20-15 असा निसटता विजय मिळाला. सलग दहावा.

त्याच महिन्यात विद्यापीठाने सिग्नेटींशी आठ वर्षांचा नवा करार केला, वर्षाला किमान 80 लाख डॉलरचा. पहिला मोसम अजून संपलाही नव्हता.

पाठोपाठ ओहायो स्टेटने 38-15 असं धुतलं. त्याचा राग पर्ड्यूवर निघाला असावा : 66-0. या दोन विद्यापीठांच्या लढतीतल्या सर्वात मोठ्या फरकांपैकी हा एक. विजेत्याला मिळते एक जुनी लाकडी बादली. ती तीन वर्षं पर्ड्यूकडे होती.

मग टीका का झाली?

2024 मध्ये राष्ट्रीय विजेतेपदाचा प्लेऑफ पहिल्यांदाच 12 संघांचा झाला आणि इंडियानाला त्यात जागा मिळाली. 20 डिसेंबरला नोत्र दामने त्यांना 27-17 हरवलं. आकडा जरा फसवा आहे, शेवटच्या दोनेक मिनिटांपर्यंत गुण 27-3 होते. सोपे सामने मिळाले म्हणून 11 विजय झाले, खऱ्या परीक्षेत नापास, असं बोललं गेलं. आक्षेप अगदीच पोकळ नव्हता. प्रतिस्पर्ध्यांपैकी बरेच त्या वर्षी कमकुवत होते आणि दोन्ही पराभव बलाढ्य संघांकडूनच झाले.

उत्तर पुढच्या मोसमात आलं. पोर्टलमधूनच आलेला क्वार्टरबॅक फर्नांडो मेंडोझा हाइझमन पुरस्कार घेऊन गेला. बिग टेनच्या अंतिम लढतीत ओहायो स्टेटचा 13-10 पराभव झाला आणि माइकवरून डिवचलेल्या तिघांपैकी उरलेला हिशेबही चुकता झाला. 19 जानेवारी 2026 रोजी मायामीला 27-21 हरवून इंडियाना राष्ट्रीय विजेता ठरला. 16 सामने, 16 विजय.

याचा फटका कुणाला?

इतर प्रशिक्षकांना. इंडियानाला एका वर्षात जमतं, तर तुम्हाला का नाही, हा प्रश्न आता प्रत्येक विद्यापीठात विचारला जातो. पेन स्टेटचे जेम्स फ्रँकलिन जानेवारी 2025 मध्ये प्लेऑफच्या उपांत्य फेरीत होते. पुढच्या मोसमात सलग तीन पराभव झाले आणि ऑक्टोबरमध्ये त्यांना काढलं गेलं. त्याच महिन्यात एलएसयूने ब्रायन केली यांना हटवलं, करारातले पाच कोटींहून अधिक डॉलर शिल्लक असताना.

फटका शाळकरी मुलांनाही बसतो. तयार खेळाडू मिळत असताना अठरा वर्षांच्या पोराला घडवत बसायला कुणाला वेळ आहे? प्रशिक्षकाने मागे सोडलेल्या संघाचं काय, हाही प्रश्न आहेच. पेन स्टेटने फ्रँकलिन यांच्या जागी आयोवा स्टेटचे मॅट कॅम्पबेल यांना आणलं. त्यांच्यामागोमाग आयोवा स्टेटचे खेळाडूही पोर्टलमधून निघाले. क्वार्टरबॅक रॉको बेक्ट त्यातलाच एक.