हाजींच्या भिंतीवरचा उंट

इजिप्तमध्ये, विशेषतः लक्झरच्या आसपास, हजला जाऊन आलेल्या माणसाचे घर लांबूनच ओळखू येते. चुन्याच्या भिंतीवर काबा, विमान, जहाज आणि सोबत उंट, सिंह, मेंढा.

‘इस्लामला प्राण्यांचे चित्र चालत नाही, मग हे काय?’ असा प्रश्न हमखास येतो. कुराणात चित्रांवर थेट बंदी नाही; आक्षेप आहे तो हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या आणि आचरणाच्या नोंदींमध्ये. तिथेही चित्र कुठे आहे, याला महत्त्व आहे. पैगंबरांच्या पत्नी हजरत आयेशांनी लावलेला चित्रांचा पडदा त्यांना रुचला नाही, पण तोच फाडून केलेल्या उशा त्यांनी वापरल्या. नमाजाच्या जागी प्राणी दिसत नाहीत ते म्हणूनच. घराची बाहेरची भिंत मात्र गावाला आनंद कळवण्यासाठी असते. अर्थात, कर्मठांना आजही ती खटकते.

उंट पाहून हाजी उंटावरून गेला असेल असे वाटते. शेजारीच विमान रंगवलेले असते, तिकडे कुणी बघत नाही! उंटावर पुष्कळदा सजवलेली अंबारी असते, ती ‘महमल’. शतकानुशतके कैरोहून हजच्या तांड्याबरोबर ती मक्केला जाई. तिच्यात माणूस बसत नसे. ती सुलतानाच्या सत्तेची खूण होती. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ही प्रथा संपली, भिंतीवर मात्र उंट चालतोच आहे.

याच भिंतींवरच्या पंखांच्या बुराकला बाईचा चेहरा असतो, म्हणून ती कुणी देवता असावी, हाही एक समज. बुराक हे पैगंबरांना मेराजच्या, म्हणजे स्वर्गारोहणाच्या रात्री घेऊन गेलेले वाहन. हदीसमध्ये दिसण्याचे वर्णन साधेच : पांढरे जनावर, गाढवापेक्षा मोठे, खेचरापेक्षा लहान. चेहरा ही नंतरच्या चित्रकारांची भर. त्याची पूजा कुणी करत नाही.

मेंढ्याबद्दल फारसा गोंधळ नाही. प्रेषित इब्राहिमांनी मुलाऐवजी दिलेल्या कुर्बानीचा तो मेंढा. कुराण त्याला फक्त ‘मोठी कुर्बानी’ म्हणते, प्राण्याचे नाव घेत नाही.

राहिला तलवार घेतलेला सिंह. त्याला जिहादचे चिन्ह ठरवणाऱ्यांनी इजिप्तच्या लोककथा ऐकाव्यात. तिथल्या शूर नायकांच्या परंपरेतला हा सिंह पराक्रमाची खूण आहे आणि दाराशी उभा राहून घर राखतो. लक्झरजवळच्या कुर्ना गावातली अशी बरीच रंगीत घरे २००६ पासून पाडली गेली. कारण त्यांच्याखालच्या जमिनीत प्राचीन थडगी होती.