आंब्याचे कलम आणि माणसाचे कलम

या पानावर एरवी लागणीची तारीख, खताचा हप्ता आणि खोडव्याची निगा याच गोष्टी मी लिहितो. या वेळी विषय वेगळा आहे, आणि तो एका सभासदानेच काढला. गट ऑफिसात ऊस नोंदीला आले होते. नोंद झाली तरी खुर्चीवरून उठेनात. मग म्हणाले, "साहेब, धाकट्या भावाच्या दोन्ही किडन्या गेल्यात. मी माझी एक देणार आहे. पण आंब्याची फांदी दुसऱ्या आंब्यावर लागते, मग भावाची किडनी भावाला का लागणार नाही? डॉक्टर एवढ्या तपासण्या कशापायी करत्यात?"

मी शेतकीचा पदविकाधारक, डॉक्टर नव्हे. पण प्रश्न कलमाचा होता, म्हणून जे वाचलेले होते ते सांगितले. तेच इथे जरा सविस्तर लिहितो.

सुरुवात आपल्या पुण्यापासूनच करावी लागते. १७९२ च्या लढाईत इंग्रजांच्या फौजेबरोबर बैल हाकणारा एक मराठा शेतकरी टिपूच्या लोकांच्या हाती सापडला. त्यांनी त्याचे नाक आणि एक हात कापला. इंग्रजांनी त्याचे नाव कावसजी असे लिहून ठेवले आहे. वर्षभर तो बिननाकाचा राहिला. पुढे पुण्याजवळच्या, विटा करणाऱ्या जातीच्या एका माणसाने त्याला नवे नाक करून दिले. रीत अशी. मेणाचे पातळ नाक करून ते थोटकावर बसवून पाहायचे, मग सपाट करून कपाळावर ठेवायचे आणि कडेने रेघ मारायची. तेवढे कातडे सोडवायचे, पण दोन भुवयांच्या मध्ये एक चिंचोळी पट्टी तशीच ठेवायची. मग कातडे खाली वळवून नाकाच्या जागी बसवायचे. वरून पाण्यात कालवलेला कात कापडाच्या पट्ट्यांना लावून चिकटवायचा, चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजवलेले कापड ठेवायचे. ती चिंचोळी पट्टी कापायची पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास, नवे कातडे जागेवर धरल्यावर.

ज्यांनी आंब्याचे भेट कलम बांधले आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. फांदी जोड धरेपर्यंत आईच्या झाडावरच ठेवतो, कारण तोवर रस तिकडूनच येतो. त्या कारागिराला तेवढे पक्के ठाऊक होते. मुंबईच्या दोन इंग्रज सर्जनांनी हे काम डोळ्यांनी पाहिले. १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये ते चित्रासह छापून आले. ते वाचून कार्प्यू नावाच्या सर्जनने १८१४ साली लंडनमध्ये तशीच शस्त्रक्रिया केली. कारागिराचे नाव मात्र कुणी लिहून घेतले नाही, याची मला नेहमी हळहळ वाटते.

आता मुद्दा असा की कावसजीच्या नाकावर गेलेले कातडे त्याच्याच कपाळाचे होते. दुसऱ्याचे असते तर?

पुढची शंभर वर्षे लोकांची समजूत होती की अडचण फक्त सांध्याची आहे, हातकामाची. रक्ताच्या नळ्या नीट शिवता आल्या की झाले. हे शिवणकाम साधले अलेक्सी कारेल या फ्रेंच डॉक्टराने. लियाँ शहरात १८९४ साली फ्रान्सच्या अध्यक्षांवर चाकूहल्ला झाला आणि कापलेली मोठी शीर शिवता येईना म्हणून ते गेले. तरुण कारेलच्या मनाला ते लागले. भरतकाम करणाऱ्या एका बाईंकडे तो बारीक सुईचे काम शिकला आणि १९०२ मध्ये नळीला नळी जोडण्याची आपली पद्धत त्याने प्रसिद्ध केली. १९१२ चे नोबेल पारितोषिक त्याला मिळाले. त्याने कुत्र्यांच्या किडन्या काढून परत बसवल्या. त्याच कुत्र्याची किडनी त्यालाच बसवली तर चाले. दुसऱ्या कुत्र्याची बसवली की सांधा पक्का, रक्त वाहते, लघवीही होते आणि काही दिवसांत किडनी बंद. पाइपलाइनचा जोड कुठेही गळत नाही आणि तरी मोटार जळते, असाच हा प्रकार.

माणसाच्या किडनीचा पहिला प्रयत्न १९३३ साली युक्रेनमध्ये व्होरोनॉय या सर्जनने केला. किडनी मृत माणसाची होती, रक्तगटही जुळत नव्हता. रुग्ण बाई दोन दिवसांत गेली.

कोडे उलगडायला लागले ते दुसऱ्या महायुद्धात. भाजलेल्या वैमानिकांसाठी दुसऱ्याचे कातडे का चालत नाही, हे शोधायचे काम इंग्लंडमध्ये पीटर मेडावार या प्राणिशास्त्रज्ञाकडे आले. ग्लासगोच्या रुग्णालयात गिब्सन या सर्जनबरोबर त्याने एका भाजलेल्या बाईला तिच्या सख्ख्या भावाच्या कातडीचे तुकडे लावून पाहिले. काही दिवस ते धरले, मग गळाले. दुसऱ्या खेपेला त्याच भावाचे तुकडे लावले तर ते पहिल्यापेक्षा लवकर गळाले. लक्षात घ्या, लवकर! म्हणजे शरीराने ओळख ठेवली होती. आपण जनावराला लस टोचतो तेव्हा रोगाची ओळख जशी अंगात राहते, तशीच ही परक्या कातडीची ओळख. दोष सांध्यात नव्हता, पाहुण्याला हाकलणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या राखणीत होता. हे निष्कर्ष १९४३ साली प्रसिद्ध झाले.

झाडाला अशी राखण नाही, म्हणून आंब्यावर आंबा लागतो. (ऊस एकदल. त्याला सालीखाली वाढीचा थर नसतो, म्हणून नेहमीच्या रीतीने कलम बांधता येत नाही. एकाने विचारले होते म्हणून सांगितले.)

यानंतरची गोष्ट गोठ्यातली आहे आणि मला सगळ्यात आवडते. गाईला जुळे झाले, त्यात एक खोंड आणि एक कालवड असली, तर ती कालवड बहुतेक वांझ निघते, हे आपल्यातल्या जुन्या माणसांना माहीत आहे. कारण गाभात दोघांच्या वारेतल्या रक्तवाहिन्या एकमेकींना मिळतात आणि रक्त इकडून तिकडे फिरते. १९४५ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये रे ओवेन याने दाखवले की अशा जुळ्यांच्या अंगात मोठेपणीही दोन्ही प्रकारच्या रक्तपेशी असतात. परक्या पेशी आयुष्यभर सुखाने नांदतात.

मेडावारला हे तेव्हा ठाऊक नव्हते. एका पशुतज्ज्ञाने त्याला विचारले होते की जुळी वासरे एकाच बीजाची की दोन बीजांची हे कसे ओळखावे. हा म्हणाला, सोपे आहे, एकाच्या कातडीचा तुकडा दुसऱ्याला लावा, एक बीज असेल तर धरेल. मग मेडावार आणि त्याचा सहकारी बिलिंगहॅम स्वतः गोठ्यात जाऊन कामाला लागले. आणि पाहतात तो जवळजवळ सगळ्याच जुळ्यांत तुकडे धरले. खोंड आणि कालवड असले, म्हणजे उघड दोन बीजांचे, तरी धरले! अंदाज साफ चुकला होता. ओवेनचे काम वाचल्यावर उलगडा झाला: जन्माआधीच ओळख झालेल्याला शरीर परके मानत नाही.

मग त्यांनी ब्रेंट या तिसऱ्या सहकाऱ्याला घेऊन उंदरांवर प्रयोग केला. पोटातल्या पिलांना दुसऱ्या जातीच्या उंदराच्या पेशी टोचल्या. एका वेतातली पाच पिले मोठी झाल्यावर त्यांना त्या जातीचे कातडे लावले. तिघांनी ते धरून ठेवले, आणि करड्या उंदराच्या अंगावर पांढऱ्या केसांचे ठिगळ उगवले. हे १९५३ साली छापून आले आणि १९६० चे नोबेल मेडावारला बर्नेट या शास्त्रज्ञासोबत मिळाले. माणसाच्या पोटातल्या पोराला कुणी आधीच पेशी टोचत बसणार नाही, हे खरे. पण राखण फसवता येते, एवढे कळले, आणि त्याच्या आधाराने औषधे शोधण्याला जोर आला.

तोवर एकच वाट मोकळी होती, एका बीजाच्या जुळ्या भावांची. २३ डिसेंबर १९५४ रोजी बोस्टनमध्ये जोसेफ मरे या सर्जनने रोनाल्ड हेरिकची किडनी त्याच्या जुळ्या भावाला, रिचर्डला बसवली. आधी कातडीचा तुकडा लावून पाहिला, पोलीस ठाण्यात बोटांचे ठसेही तपासले. मरे आणि त्याच्या साथीदारांना झोप उडवणारा प्रश्न मात्र वेगळाच होता. धडधाकट माणसाला, त्याचा स्वतःचा काडीचा फायदा नसताना, टेबलावर घ्यायचे का? डॉक्टर, वकील, धर्मोपदेशक अशा सगळ्यांना त्यांनी विचारले. आदल्या रात्री आजारी रिचर्डने भावाला चिठ्ठी पाठवली की तू घरी निघून जा. रोनाल्डने उलट लिहिले, मी इथेच आहे आणि इथेच राहणार.

सभासदाला मी हे सांगितले तेव्हा ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आम्ही काय जुळे न्हाई."

नाही. सख्ख्या भावांत पूर्ण जुळण्याचा योग चारात एक. तपासण्या त्यासाठी आणि देणाऱ्याची दुसरी किडनी ठणठणीत आहे ना हे पाहण्यासाठी असतात. पण पूर्ण जुळले नाही तरी आता वाट बंद होत नाही. १९६० नंतर राखण मंदावणारी औषधे आली. त्यातले सायक्लोस्पोरिन हे औषध तर नॉर्वेच्या माळावरच्या मातीच्या नमुन्यात सापडलेल्या बुरशीतून निघाले, आणि १९८३ मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. माती परीक्षणाला नमुना द्या म्हटले की नाक मुरडणाऱ्यांनी हे वाचावे. ही औषधे मात्र जन्मभर घ्यावी लागतात. एक दिवसही चुकवून चालत नाही, राखण पुन्हा जागी होते.

रिचर्ड त्या किडनीवर आठ वर्षे जगला, दवाखान्यातल्याच नर्सशी लग्न केले, दोन मुली झाल्या. १९६३ मध्ये जुना आजार त्या किडनीतही उतरला आणि तो गेला. रोनाल्ड गणिताचा मास्तर झाला आणि एका किडनीवर ५६ वर्षे काढून २०१० च्या डिसेंबरात, ७९ व्या वर्षी वारला.