डोमिसाइल नक्की कुठलं? अमेरिकेतल्या लष्करी जोडप्यांचा राज्यकर आणि आपल्या संशोधनातला 'रहिवासी'

डोमिसाइल म्हटलं की आपल्याला ॲडमिशनच्या वेळी काढलेला दाखला आठवतो. आयकराशी त्याचा संबंध आपल्याकडे येत नाही, कारण शेतीचं उत्पन्न सोडलं तर आयकर हा केंद्राचा विषय. पुण्याहून जालंधरला बदली झाली म्हणून जवानाचा आयकर बदलत नाही. अमेरिकेत तसं नाही. तिथे फेडरल आयकराशिवाय बहुतेक राज्यांचा स्वतःचा आयकर असतो, आणि टेक्सास, फ्लोरिडासारख्या काही राज्यांत पगारावर तो मुळीच नसतो. म्हणून 'तुम्ही कुठल्या राज्याचे?' या प्रश्नाला तिथे पैशांत किंमत आहे.

एक काल्पनिक जोडपं घेऊ. नवरा जॉर्जियाचा, नौदलात. बायको टेक्सासची. पोस्टिंग व्हर्जिनियातल्या नॉरफोकला. बायको तिथेच एका दवाखान्यात नोकरी करते, पगार वर्षाला 50,000 डॉलर. जॉर्जिया आणि व्हर्जिनिया दोन्हीकडे आयकर आहे. हिशोब सोपा जावा म्हणून दर 5 टक्के धरला, तर फक्त तिच्या पगारावर वर्षाला 2,500 डॉलरचा प्रश्न आहे. मग तिचं राज्य कुठलं?

आधी मूळ नियम

डोमिसाइल दोन गोष्टींवर ठरतं: त्या राज्यात प्रत्यक्ष राहणं, आणि तेच आपलं कायमचं घर मानण्याचा इरादा. इरादा मनातला असतो, त्यामुळे पुरावे बघितले जातात: मतदार नोंदणी, वाहन परवाना, गाडीची नोंदणी, घर. शिवाय बरीच राज्यं दुसरा निकषही लावतात. डोमिसाइल बाहेरचं असलं तरी वर्षातले ठरावीक दिवस तिथे राहिलात तर करापुरते तुम्ही तिथले. व्हर्जिनियात हा आकडा 183 दिवसांचा आहे.

सैनिक स्वतःच्या मर्जीने राहत नाही, हुकूम येईल तिथे जातो. म्हणून 1940 च्या संरक्षण कायद्यात 1942 मध्ये दुरुस्ती झाली: केवळ पोस्टिंगमुळे सैनिकाचं जुनं राज्य सुटत नाही आणि नवं लागत नाही. याची मोठी परीक्षा 1953 मध्ये डॅमेरॉन विरुद्ध ब्रॉडहेड या खटल्यात झाली. लुइझियानाच्या एका हवाई दल अधिकाऱ्याच्या घरसामानावर डेन्व्हर शहराने कर लावला होता. युक्तिवाद असा की लुइझियानाने तो कर घेतलेलाच नाही, मग दुहेरी कर कुठे झाला? सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. मूळ राज्याने कर घेतला की नाही हा मुद्दाच नाही, पोस्टिंगच्या ठिकाणाला तो लावता येत नाही.

जोडीदाराचं काय?

हे संरक्षण अनेक दशकं फक्त सैनिकालाच होतं. जोडीदारासाठी कायदा तीन टप्प्यांत बदलला. आपलं उदाहरण प्रत्येक टप्प्यावर लावून बघा.

*2009:* जोडीदारालाही संरक्षण मिळालं, पण दोघांचं डोमिसाइल एकच असेल तर. आपल्या जोडप्याचं वेगळं आहे. म्हणजे बायकोला फायदा शून्य, तिचा कर व्हर्जिनियालाच.

*2018:* लग्न कधीही झालेलं असो, जोडीदार करासाठी सैनिकाचं राज्य निवडू शकतो. बायको आता जॉर्जिया निवडू शकते. पण तिथेही आयकर आहेच!

*2023:* 5 जानेवारीला सही झालेल्या दुरुस्तीनुसार सैनिक आणि जोडीदार त्या-त्या करवर्षासाठी तीनपैकी एक राज्य निवडू शकतात: सैनिकाचं, जोडीदाराचं, किंवा कायम पोस्टिंगचं. आता दोघांनीही टेक्सास निवडलं तर? तिच्या पगारावर आणि त्याच्या लष्करी पगारावरही राज्य आयकर नाही. तो टेक्सासात एक दिवसही राहिलेला नसला तरी!

बदल कुठे झाला ते बघा. डोमिसाइल ही पुराव्याने *सिद्ध करायची* गोष्ट होती. या जोडप्यांच्या करापुरती ती *निवडायची* गोष्ट झाली.

निवडीला मर्यादा आहेत. नवऱ्याने ड्युटीनंतर नॉरफोकमध्ये दुसरी नोकरी केली तर तो पगार व्हर्जिनियाच्या कराच्या कक्षेत येतो. घरभाड्याचं उत्पन्न घर जिथे आहे तिथलंच. आणि सवलत आपोआप मिळत नाही. बायकोने मालकाकडे व्हीए-4 फॉर्म दिला नाही तर व्हर्जिनियाचा कर पगारातून कापला जातो. मग तो परत मागायला वेगळा 763-एस फॉर्म भरावा लागतो.

संशोधन करणाऱ्यांनी यातून काय घ्यायचं?

समजा तुमचा विषय आहे 'राज्यांच्या करदरांमुळे लोक स्थलांतर करतात का?' डेटामध्ये 'राज्य' नावाचा एक कॉलम आहे. आपण तो बिनधास्त वापरतो. पण आपल्या जोडप्याला जनगणना नॉरफोकमध्ये मोजेल, कारण ती माणूस बहुतेक काळ जिथे राहतो-झोपतो तिथे त्याला मोजते. फेडरल रिटर्नवर पत्ता व्हर्जिनियाचा असू शकतो. करासाठी राज्य टेक्सास. आणि नवऱ्याचं मत जॉर्जियात, कारण करासाठी केलेल्या निवडीमुळे मतदानाचं राज्य आपोआप बदलत नाही. एकच घर, पण 'राज्य' तीन. यातलं कुठलंही चूक नाही, प्रत्येक व्याख्या वेगळ्या कामासाठी आहे.

लष्करी तळ मोठे असलेल्या भागात ही गडबड निष्कर्षापर्यंत पोहोचू शकते. दोघांनी 2023 नंतर टेक्सास निवडलं, तर कागदावर करदाते 'हलले', प्रत्यक्षात कोणी बॅगही भरली नाही.

म्हणून सिनॉप्सिस लिहिताना तीन प्रश्न स्वतःला विचारा. माझ्या डेटातला 'रहिवासी' कोणी ठरवला आणि कशासाठी? माझ्या अभ्यासकाळात ती व्याख्या बदलली का? आणि बदलली असेल, तर मी लोकांचं वागणं मोजतोय की कायद्याचा बदल? गाइडने व्हायव्हाच्या आधी हे विचारलं तर घाम फुटतो, पण व्हायव्हात विचारलं जाण्यापेक्षा ते परवडतं.