गुडघेदुखी आणि कॉर्टिसॉल

साठी जवळ आली की पुष्कळांचे गुडघे कुरकुरू लागतात. ‘झीज झाली आहे’ हे डॉक्टरांचे शब्द कानी पडताच माणूस चालणे सोडून खुर्चीला खिळतो. झिजलेली वस्तू जपून वापरावी, हा व्यवहारातील न्याय. परंतु सांध्याच्या बाबतीत तो उलटा ठरतो.

सांध्यातील हाडांच्या टोकांवर कूर्चेचे गुळगुळीत आवरण असते. प्रौढपणी तिच्यात रक्तवाहिन्या नसतात. पाऊल टाकताना ती दाबली जाते, उचलताना फुलते, आणि या क्रियेमुळे सांध्यातील द्रवातून तिला पोषण मिळते. हालचाल थांबली की हे पोषण मंदावते, मांडीचे स्नायूही दुर्बळ होतात.

दुखणे गुडघ्यापुरतेच राहते असेही नाही. वेदना, अपुरी झोप आणि परावलंबनाची चिंता यांची वार्ता मेंदूस पोचते. तेथील पीयूषिका ग्रंथीचा निरोप मिळताच मूत्रपिंडांच्या माथ्यावरील अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल हे संप्रेरक रक्तात सोडतात. याला ताणाचे संप्रेरक म्हणत असले तरी ते वैरी नव्हे. दाह आवरणे हेही त्याचेच काम. त्याच कुळातील कॉर्टिसोनचा आमवातावरील गुण फिलिप हेंच यांनी 1949 साली जाहीर केला आणि 1950 चे नोबेल पारितोषिक त्यांना दोन सहकाऱ्यांसह मिळाले. पुढे अशी औषधे झिजेच्या संधिवातातही गुडघ्यात टोचली जाऊ लागली.

त्यांनी काही आठवडे आराम पडतो. पण 2017 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दर तीन महिन्यांनी अशी सुई दोन वर्षे घेणाऱ्यांची कूर्चा अधिक झिजलेली आढळली, आणि वेदना मिठाच्या पाण्याच्या सुईपेक्षा कमी झाली नव्हती. 2020 साली तेथेच 156 रोग्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्रासाचे मोजमाप 0 ते 240 गुणांचे होते. वर्षाअखेर सुई घेतलेल्यांचे सरासरी गुण 55.8, तर व्यायाम व भौतिकोपचार घेतलेल्यांचे 37 भरले.

मग भौतिकोपचाराने कॉर्टिसॉल उतरते काय? येथे सावध राहावे. हे संप्रेरक पहाटे चढते आणि दिवस वर येईल तसे आपोआप उतरते. सकाळी नऊला शेकण्यापूर्वी व अकराला शेकल्यावर रक्त तपासले तर आकडा बहुधा उतरलेलाच दिसेल. त्याचे श्रेय शेकाला देणे न्याय्य नव्हे. उपचाराची खरी कसोटी निराळी आहे: जिना चढवतो का, बाजारापर्यंत जाववते का, रात्री झोप लागते का?

म्हणून शेक हा साहाय्यक समजावा, मुख्य औषध व्यायामच. खुर्चीवर बसून पाय सरळ करावा, क्षणभर धरावा, सावकाश खाली आणावा. किती वेळा, ते भौतिकोपचारतज्ज्ञ सांगतील. सांधा लाल, गरम होऊन ताप आला तर मात्र व्यायाम थांबवून तत्काळ डॉक्टरांकडे जावे. एरवी थोडेसे दुखले म्हणून पाऊल मागे घेऊ नये. गुडघ्याचे अन्न त्या पावलातच आहे.