ठाण्याची पायरी चढताना



विहिरीवरची वीस हजारांची मोटार रात्रीतून कोणी उचलून नेली, तर आपल्यापैकी किती जण ठाण्यात जातील? "गेलेली वस्तू काही परत येत नाही, उलट चार खेपा पडतील," असे घरातलेच कोणीतरी म्हणते आणि विषय संपतो. जो जातो त्याला अर्ज लिहून द्यायला सांगतात. अर्ज घेऊन अंमलदार "बघू" म्हणतात. फिर्याद झाली असे समजून आपण घरी येतो. पण नुसता अर्ज म्हणजे फिर्याद नव्हे, हे आधी ध्यानात घ्या.

गुन्हा नोंदला की फिर्यादीची नक्कल आपल्याला फुकट मिळते. ती मागून घ्या. १ जुलै २०२४ पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिच्याप्रमाणे "ही आमची हद्द नाही" म्हणून कोणतेही ठाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर नाकारू शकत नाही. काही गुन्ह्यांत आधी १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करण्याची मुभा पोलिसांना आहे. "बघू" म्हणून अर्ज खणात टाकण्याची नाही. तरीही ऐकले नाही, तर सारी हकीकत लिहून जिल्हा पोलिस अधीक्षकांना टपालाने पाठवा आणि पावती जपून ठेवा. त्यानंतर दंडाधिकाऱ्यांचा दरवाजा आहेच.

हे झाले चोरीचे. पण ठाण्यातच मारहाण झाली, कोणाला विनाकारण डांबून ठेवले, पैसे उकळले, तर? पोलिसांची तक्रार पोलिसांकडेच करायची, आणि चौकशीही त्यांच्याच साहेबांनी करायची! कोण करील असली तक्रार?

हे दुखणे जुने आहे. १९७७ साली नेमलेल्या राष्ट्रीय पोलिस आयोगाचे अहवाल वर्षानुवर्षे पडून राहिले. शेवटी १९९६ साली प्रकाश सिंह या निवृत्त पोलिस महासंचालकांनीच सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. घरचाच माणूस बोलला, म्हणून त्याला वजन आले. निकाल लागला २२ सप्टेंबर २००६ रोजी. त्यात न्यायालयाने सांगितले, की पोलिसांविरुद्धच्या तक्रारी ऐकायला राज्यात आणि जिल्ह्याजिल्ह्यात वेगळे प्राधिकरण हवे.

महाराष्ट्राने २०१४ साली पोलिस कायदा दुरुस्त करून पोलिस तक्रार प्राधिकरणाची तरतूद केली. राज्याच्या प्राधिकरणावर उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश अध्यक्ष असतात आणि समाजातील मान्यवर व्यक्तीलाही जागा आहे. कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार, बेकायदा अटक, लाचखोरी, खंडणी, जमीन बळकावणे अशा तक्रारी तेथे नेता येतात. मात्र प्राधिकरण स्वतः शिक्षा देत नाही. अहवाल सरकारकडे जातो. शिवाय न्यायालयाने जिल्हा म्हटले होते, आपल्या कायद्याने विभाग धरला. सिरोंच्याच्या माणसाला विभागाचे ठिकाण नागपूर, म्हणजे तीनशेहून अधिक किलोमीटर. मजुरी बुडवून तो कितीदा जाणार? आमच्या मते ही मोठीच उणीव आहे.

तक्रारीची वेळच येऊ नये म्हणून काय करता येते, याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. भिवंडीत १९७० आणि १९८४ साली भयंकर दंगली झाल्या. १९८८ मध्ये तेथे आलेले पोलिस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या काढल्या. दोन्ही समाजांची साधी माणसे आणि त्या भागाचा पोलिस वरचेवर एकत्र बसू लागले. नळावरची भांडणे, किरकोळ कुरबुरी तेथेच मिटू लागल्या. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली, तेव्हा शेजारची भिवंडी शांत राहिली.

आपल्या गावाला मोहल्ला नसेल, पण ग्रामसभा आहे. पोलिस पाटलांना आधी सांगून पुढच्या सभेला बीट हवालदारांना बोलवा. वर्षभरात गावातून किती मोटारी आणि किती केबली गेल्या, त्यांतल्या किती नोंदल्या, एवढेच विचारा. आणि त्या वेळी बायकांनाही बोलू द्या; केबल गेली की पाणी डोक्यावरून त्यांनाच आणावे लागते.