विजेचा बंब का ठिबकतो?

थंडीच्या दिवसांत पहाटे न्हाणीघरात जावे, तो भिंतीवरील विजेच्या बंबाखाली पाण्याचे लहानसे थारोळे साचलेले दिसावे, असा प्रसंग पुष्कळ घरांत येतो. हा विजेचा बंब म्हणजेच घरोघर ज्याला गिझर म्हणतात, तो. थारोळे पाहून कोणी म्हणतो, “टाकी फुटली!” कोणी खाली बादली सरकवून निश्चिंत होतो. एखादा उतावळा गृहस्थ मात्र जेथून थेंब पडतात, त्या छिद्रात लाकडाची खुंटी ठोकून मोकळा होतो. या तिघांत तिसऱ्याची चूक सर्वांत भयंकर होय.

विजेचा बंब घरात येण्यापूर्वी महाराष्ट्रातील घरोघरी तांब्याचा बंब होता, आणि काही घरांत तो अद्यापही आहे. त्याच्या मध्यभागी उभी नळी असते. तीत लाकडे किंवा कोळसे पेटवावयाचे, नळीभोवती पाणी भरावयाचे, आणि तळाशी जाळीतून राख खाली पडू द्यावयाची, अशी त्याची सोपी रचना. हा बंब गळू लागला, की त्याची वर्दी आधी कानांना मिळते. नळीतून झिरपलेला थेंब निखाऱ्यावर पडून चर्र आवाज होतो. दोष बहुधा सांध्यांत असतो. ते सांधे डाख देऊन जोडलेले असतात. कथील व शिसे यांचा नरम डाख २०० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतो, तर निखाऱ्यांची उष्णता त्याच्या कितीतरी पट. तरीही डाख टिकतो, कारण पलीकडचे पाणी ती उष्णता सतत ओढून घेते, आणि उघड्या भांड्यातील पाणी १०० अंशांच्या वर जात नाही. म्हणूनच पाणी भरल्यावाचून बंब पेटवू नये, असे घरातील वडीलधारी माणसे बजावीत. गळका बंब तांबटाकडे न्यावा, त्याने नवा डाख द्यावा, की पुढे कित्येक वर्षे चिंता नसे. पुण्यातील कसबा पेठेत तांबटांची एक आळीच आहे.

विजेच्या बंबाची गोष्ट निराळी आहे. तांब्याचा बंब वरून उघडा असतो. याची टाकी चोहोकडून बंद असते. आत विजेने तापणारे वेटोळे असते आणि पाणी ठराविक तापमानाला पोचताच वीज बंद करणारा तापनियंत्रक असतो. थंड पाणी तळाशी येते. गरम पाणी हलके असल्यामुळे वर चढते व वरच्या भागातूनच बाहेर पडते. थंड पाण्याच्या नळीवर एक छोटीशी झडप बसवलेली असते. ती पाण्याला आत येऊ देते, परंतु मागे फिरू देत नाही.

आता पाणी तापले की ते फुगते. २५ अंशांवरील पाणी ६० अंशांपर्यंत तापवले, तर त्याचे आकारमान शेकडा सुमारे १.४ इतके वाढते. ही वाढ डोळ्यांना दिसणारी नव्हे. परंतु १५ लिटरच्या टाकीत ती २०० मिलिलिटरच्या घरात, म्हणजे पेलाभर भरते. नळ बंद, मागची वाट बंद, आणि पाणी तर दाबाने आवळले जात नाही. मग या पेलाभर पाण्याने जावे कोठे? त्यासाठीच त्या झडपेला बाजूस एक बारीक छिद्र ठेवलेले असते. दाब मर्यादेबाहेर गेला, की झडप किंचित उघडते आणि थेंब थेंब पाणी बाहेर टाकते. पाणी तापत असताना त्या छिद्रातून ठिबक लागणे ही गळती नसून, यंत्र नीट चालत असल्याची ती खूण आहे. पाणी थंड असतानाही रात्रंदिवस धार लागली, तरच झडपेत क्षार अडकले असावेत किंवा नळातील दाब फार असावा, असे समजावे.

खुंटी ठोकणाऱ्या गृहस्थाने हीच वाट बुजवलेली असते. तापनियंत्रक ठीक आहे, तोवर फार तर टाकीवर ताण येईल व तिचे आयुष्य घटेल. परंतु तोही एखाद्या दिवशी बिघडला आणि वीज चालूच राहिली तर? वातावरणाच्या दहापट दाबाखाली पाणी १८० अंशांपर्यंत उकळत नाही. अशा स्थितीत टाकी फुटली, की दाब एकाएकी नाहीसा होतो आणि पाण्याचा काही भाग क्षणात वाफ बनतो. पाण्याची वाफ होताना ती सुमारे १६०० पट जागा व्यापते. या आघातापुढे न्हाणीघराची भिंतही टिकत नाही.

बंबाखाली ओल दिसताच पहिले काम पाण्याचे नव्हे, विजेचे असते. कोरड्या हाताने व कोरड्या जागी उभे राहून बंबाची कळ बंद करावी. कळच ओली झाली असेल, तर तिला स्पर्श न करता घराची मुख्य कळ मोठ्या माणसांकडून बंद करवावी. पाण्याची गळती डोळ्यांना दिसते, विजेची दिसत नाही. जाड, तिसऱ्या टोकाची भूसंपर्काची तार आणि विजेची गळती ओळखून प्रवाह तोडणारी कळ, या दोहोंवर म्हणूनच घराची भिस्त असते. त्यानंतर थंड पाण्याची तोटी फिरवून बंद करावी व गरम पाण्याचा नळ सोडावा. मात्र आरंभी येणारे पाणी कढत असेल, हे ध्यानात ठेवावे. गरम पाण्याची वाट वरच्या भागात असल्यामुळे टाकी याने रिकामी होत नाही. परंतु आतील दाब उतरतो आणि ठिबक मंदावते.

मग दोष शोधावयाचा. सर्व नळ्या व सांधे फडक्याने कोरडे करून प्रत्येकाभोवती कागदाची पट्टी गुंडाळावी. जी पट्टी प्रथम भिजेल, तेथे दोष. सांधा असेल, तर कारागीर तो उकलून पुन्हा घट्ट बसवतो. झडप असेल, तर ती बदलतो. परंतु सांधे कोरडे असून टाकीच्या बुडातून तांबूस पाणी पाझरत असेल, तर टाकीच गंजली आहे. पोलादी टाकीच्या आत काचेचा पातळ लेप असतो. ती तापवून जोडू पाहावे, तर तो लेप तडकतो. तांबटाच्या हाताने जे साधत होते, ते येथे साधत नाही, आणि नवी टाकी घेण्यावाचून उपाय उरत नाही.

हा प्रसंग लांबवता मात्र येतो. विहिरीच्या किंवा कूपनलिकेच्या जड पाण्यात चुन्याचे क्षार विरघळलेले असतात. पाणी तापले की ते वेटोळ्यावर पांढऱ्या कवचाप्रमाणे जमतात. ते वेळोवेळी खरवडून काढावे लागतात. गंजाचा बंदोबस्त त्याहून चतुराईचा आहे. काचेच्या लेपाला कोठेतरी सूक्ष्म भेग असतेच, म्हणून टाकीत मॅग्नेशियमची एक कांडी सोडलेली असते. मॅग्नेशियम लोखंडापेक्षा अधिक क्रियाशील असल्यामुळे पाणी आधी त्या कांडीला खाते व लोखंड वाचते. ही कल्पना जुनी आहे. इंग्रज शास्त्रज्ञ हंफ्री डेव्ही याने १८२४ साली युद्धनौकांच्या तळाचे तांब्याचे पत्रे समुद्राच्या पाण्याने झिजू नयेत, म्हणून त्यांना जस्ताचे व लोखंडाचे तुकडे जोडण्याचा उपाय सुचवला. तांबे वाचले, पण झिजणाऱ्या तांब्याच्या विषामुळे जे शिंपल्यांचे जीव दूर राहत, ते आता नौकेच्या तळाला निर्धास्तपणे चिकटू लागले, तिचा वेग मंदावला, आणि तो उपाय सोडून द्यावा लागला. न्हाणीघरातील टाकीत शिंपल्यांचे भय नाही. फक्त ती कांडी अधूनमधून कारागिराकडून उघडवून पाहावी लागते. पुष्कळ घरांत ते राहून जाते, आणि टाकी गळू लागल्यावर कांडी बाहेर काढली, तर हातात येते ती केवळ तिच्या मधली बारीक तार.